बिस्मार्क पाम बियांपासून लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिस्मार्क पामचं बी हातात आलं की माणूस पहिले दोन आठवडे उत्साहात असतो आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की आता एकदाच सगळं लिहून टाकतोय. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तेवढं वर-खाली करून बघा.

१. बिस्मार्क पाम म्हणजे नक्की कुठला? आणि पामला असलं नाव कसं?

मूळचा मादागास्करचा, तिथल्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या गवताळ माळरानावरचा. शास्त्रीय नाव बिस्मार्किया नोबिलिस. या वंशात हा एकटाच, दुसरी जात नाही. १८८१ मध्ये हिल्डेब्रांट आणि वेंडलांड यांनी याचं वर्णन केलं आणि जर्मन साम्राज्याचा पहिला चान्सलर ऑटो फॉन बिस्मार्क याचं नाव दिलं. बिस्मार्कचा आणि मादागास्करच्या माळरानाचा काय संबंध असं विचाराल तर काही नाही, त्या काळी नावं अशीच पडायची. जुन्या पुस्तकात मेडेमिया नोबिलिस दिसलं तर घाबरू नका, तोच हा.

नातेवाईक मात्र ओळखीचे आहेत: आपला ताड, सेशेल्सचा तो जगातलं सगळ्यात मोठं बी देणारा दर्यायी नारळ, आणि लॅटानिया. ही सगळी एकाच कुळाची मंडळी. ताडाचा कोंब आधी जमिनीत खोल जातो आणि मगच वर पान दिसतं हे ज्याने बघितलंय त्याला या पानावरची निम्मी उत्तरं आधीच माहिती आहेत.

२. फोटोत एकदम भारी दिसतो, पण माझ्या बागेत मावेल का?

हा प्रश्न बी घेण्याआधी विचारायचा असतो, पण असो. एक झावळी तीन मीटरपर्यंत रुंद होते आणि तिचा देठच दोन-तीन मीटरचा. म्हणजे तरुण झाड, ज्याचं खोड अजून दिसतही नाहीये, ते सहा-सात मीटरचा गोल अडवून बसतं. भिंत, कुंपण, येण्याजाण्याची वाट यापासून निदान चार मीटर लांब. खोड वर गेलं की खालून चालता येतं, पण त्याला बरीच वर्षं लागतात. जंगलात २५ मीटरपर्यंत जातो, बागेत साधारण १२ मीटर धरून चाला.

बाल्कनीसाठी घेतला असेल तर काही वर्षं कुंडीत मस्त दिसेल, पण नंतर तो कुणाला द्यायचा हे आत्ताच ठरवून ठेवा. खरंच सांगतो, जागा नसेल तर लिकुआला ग्रँडिस बघा, तोही यासारखाच पंख्यासारख्या पानांचा आणि अर्धसावलीत खूश असतो.

३. बीच का? कटिंग किंवा बाजूचे फुटवे लावून होत नाही का?

नाही. याला फुटवे येतच नाहीत, एकच खोड आणि वर एकच शेंडा. तो शेंडा गेला की झाड गेलं. फांदी नाही त्यामुळे कटिंगचा प्रश्नच नाही. नवं झाड हवं असेल तर बी हा एकच रस्ता.

४. बी चांगलं आहे हे कसं ओळखायचं? पाण्यात तरंगलं म्हणजे फुकट गेलं का?

तरंगण्याची टेस्ट अर्धीच खरी. साफ केलेलं बी बुडालं तर चांगली खूण, पण तरंगलं म्हणून लगेच फेकू नका, वेगळं ठेवा आणि तेही पेरा, त्यातलीही काही उगवतात. जास्त बिया असतील तर एक बळी द्या: फोडून बघा, आतला गर पांढरा आणि टणक असेल तर लॉट चांगला. पिवळट, मऊ, वास येणारा किंवा आत पोकळी असेल तर बाकीच्यांकडूनही फार आशा नको.

वयाला मात्र महत्त्व आहे. ही बिया वर्षानुवर्षं डब्यात ठेवायची गोष्ट नाही, पूर्ण सुकली की आतला अंकुर मरतो. फ्रिजमध्ये तर अजिबात नाही, उष्ण प्रदेशातल्या पामच्या बियांना गारठा मानवत नाही. आली की आठवड्याभरात कामाला लावा.

५. मला दिलेलं बी बिस्मार्कचंच आहे की निळ्या लॅटानियाचं, कसं कळणार?

बरोबर शंका आहे, लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात आणि गोंधळ नेहमी होतो. अख्खं फळ मिळालं असेल तर सोपं: बिस्मार्कचं फळ तपकिरी, लंबगोल आणि आत साधारणपणे एकच बी. लॅटानियाच्या फळात बहुतेक वेळा तीन. सुटं बी असेल तर लॅटानियाचं लांबट आणि त्यावर कोरल्यासारखी उठावदार नक्षी असते, बिस्मार्कचं जास्त गोलसर आणि कवच खडबडीत, खाचाखळग्यांचं. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलीत की परत कधी चुकणार नाही.

६. पेरण्याआधी काय काय करायचं? कवच फोडू का? जिबरेलिक अ‍ॅसिड लावू का?

फळाचा बाहेरचा सगळा गाभा काढायचा, अगदी खरवडून, कारण बुरशी येते ती या उरलेल्या गाभ्यावरच. मग दोन दिवस साध्या किंवा कोमट पाण्यात भिजत, पाणी रोज बदलायचं. एवढंच.

कवच हातोडीने फोडायचे व्हिडिओ असतात, मी करत नाही. अनुभवी हात असेल तर वेळ वाचतो, नसेल तर अंकुराला धक्का बसतो आणि फटीतून बुरशी आत जाते. चार बिया असतील तर हा जुगार कशाला.

जिबरेलिक अ‍ॅसिड नको, ते वाढीचं संप्रेरक आहे. पामच्या रोपांना त्याने उंच, लुळं, स्वतःच्या पायावर उभं न राहणारं रूप येतं. घाई असेल तर अ‍ॅसिडपेक्षा ऊब द्या (पुढचा प्रश्न).

७. सरळ कुंडीत पेरू की पिशवीत मोड आणू?

दोन्ही चालतं. पिशवीचा फायदा म्हणजे जागा कमी लागते आणि कुठलं बी जागं झालंय ते दिसतं. झिपलॉक पिशवीत ओलसर कोकोपीट (मुठीत घट्ट दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको), त्यात बिया, पिशवी उबदार जागी. ३० ते ३५ अंश सेल्सिअस मिळालं पाहिजे आणि ते सातत्याने, दिवसा तापलं आणि रात्री गारठलं असं नाही. थेट उन्हात पिशवी ठेवू नका, बिया आत अक्षरशः शिजतात. आठवड्यातून एकदा उघडून हवा द्या आणि बघा. पांढरी बुरशी दिसली तर बी धुवा, कोकोपीट बदला, बी टणक असेल तर त्याला काही झालेलं नसतं.

तोटा एकच पण मोठा: मोड दिसल्यावर तुमच्याकडे फार दिवस नसतात. मोड कोवळा आणि ठिसूळ असतो, दोन-चार सेंटीमीटरचा असतानाच तो कुंडीत गेला पाहिजे. पिशवी विसरलात तर मोड कोकोपीटात वेटोळे घालून बसतो आणि मग त्याला न मोडता काढणं जवळपास अशक्य. तुम्ही विसराळू असाल तर पहिल्यापासून खोल कुंडीच बरी. बी आडवं ठेवायचं, अर्धं किंवा जेमतेम झाकेल एवढंच पुरायचं.

८. खोल खोल म्हणता, म्हणजे किती? माझ्याकडे ६ इंची कुंड्या आहेत.

त्या इतर कशाला तरी वापरा.

आता कारण सांगतो कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. बहुतेक बियांमधून मूळ खाली आणि कोंब वर निघतो. बिस्मार्कच्या बीमधून आधी एक जाड दांडा निघतो, मी त्याला सोंड म्हणतो, आणि ही सोंड रोपाचा अंकुर स्वतःच्या टोकाशी घेऊन सरळ खाली जाते. वीस-तीस सेंटीमीटर, कधी जास्तच. तिथे पोचल्यावर टोकातून मूळ खाली जातं, आणि मग सोंडेच्या बाजूला फट पडून त्यातून पहिलं पान वर यायला निघतं. मूळच्या माळरानावर आगी लागतात, वरची माती कोरडी ठाक होते, तिथे अंकुर खोल गाडलेला असणं फायद्याचंच.

आता हेच ६ इंची कुंडीत करून बघा. सोंड तळाला आपटते, वळते, पाणी साचलेल्या थरात बसते आणि कुजते. त्यामुळे ३० सेंटीमीटर हे अगदी कमीत कमी, ४० असेल तर उत्तम, रुंदी १५ पुरे. सगळ्यात भारी जुगाड म्हणजे पीव्हीसी पाइपचा तुकडा, उभा चिरून दोन अर्धे करायचे, परत जोडून तारेने आवळायचे आणि खाली जाळी. नंतर रोप जमिनीत लावताना तार सोडली की दोन्ही अर्धे बाजूला आणि मुळं जशीच्या तशी. मिश्रण निचऱ्याचं: जाडी वाळू किंवा पर्लाइट निम्मं, उरलेलं कोकोपीट आणि थोडं कुजलेलं खत.

९. तीन महिने झाले, काहीच नाही. बी मेलं का?

बहुतेक नाही. ताजं बी आणि सततची ऊब असेल तर दीड-दोन महिन्यांत पहिले मोड येतात, पण त्याच लॉटमधली बाकीची सहा महिने घेतात आणि काही वर्षभर. सगळी एका दिवशी उगवत नाहीत. शिवाय कुंडीत पेरलं असेल तर बाहेर काही दिसत नाही म्हणजे आत काही होत नाही असं नाही, सोंड खाली जाऊन पान वर यायला बराच काळ जातो.

उकरून बघू नका. मी बघितलंय म्हणून सांगतोय. चार महिने वाट बघून एका संध्याकाळी धीर सुटला, बोटाने माती बाजूला केली, बी जरा हललं आणि खालून कटकन आवाज आला. सोंड पूर्ण खाली गेलेली होती, आणखी दोन-तीन आठवड्यांत पान आलं असतं. तेव्हापासून कुंडीवर पेरल्याची तारीख लिहितो आणि वर्ष व्हायच्या आत हात लावत नाही. अगदीच राहवत नसेल तर वरून बी अंगठ्याने हलकं दाबा, टणक लागलं की गप्प बसा.

१०. पान आलं, पण बी एकीकडे आणि पान दुसरीकडेच! हे तण आहे का? आणि ते बी आता काढू का?

तण नाही, तुमचंच रोप आहे. पान सोंडेच्या टोकाकडून येतं (प्रश्न ८) आणि सोंड नेहमी सरळच जाते असं नाही, त्यामुळे बीपासून चार-पाच सेंटीमीटर लांबही येऊ शकतं. कितीतरी जणांनी तण समजून उपटलंय.

बी काढू नका. आतला गर अजून सोंडेतून रोपाला पोसतोय, बाटलीने दूध पाजल्यासारखं. संपला की बी आपोआप पोकळ होऊन सुटतं.

११. हा पंख्याचा पाम ना? मग पानं गवतासारखी लांब आणि जांभळट का?

पहिली पानं अशीच येतात, एकसंध, लांबट, घड्या पडलेली. पंखा उघडायला आणखी काही पानं जावी लागतात, चांगली ऊब असेल तरी साधारण वर्ष-दीड वर्ष धरा. आणि ती लालसर-जांभळी छटा लहानपणी असतेच, पान मोठं होत जातं तशी कमी होते. नुसत्या त्या छटेवरून रोगाचा अंदाज बांधू नका.

१२. माझा निळा होईल की हिरवा?

बी बघून सांगता येत नाही, कुणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्या. चंदेरी-निळा आणि हिरवा असे दोन्ही प्रकार असतात आणि मधल्या छटाही. आई निळी असेल तर शक्यता वाढते, पण परागकण कुठल्या झाडाचे होते ते कुणाला माहीत. पंख्याची दोन-चार पानं आल्यावर अंदाज येतो, तोही पूर्ण उन्हात, सावलीत वाढलेला निळाही हिरवट दिसतो. पाच-सहा रोपं करा, त्यातलं सगळ्यात निळं स्वतःला ठेवा.

१३. ऊन-पाणी किती?

मोड आल्यापासून पहिली दोन पानं येईपर्यंत सौम्य ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन. सावलीत ठेवलेलं रोप जगतं पण देठ लांबतात आणि रूप येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर, दुष्काळ सहन करतो हे मोठ्या, जमिनीत रुजलेल्या झाडाबद्दल खरं आहे. कुंडीतल्या रोपाला नियमित पाणी लागतं, वरचा दोन-तीन सेंटीमीटर थर कोरडा झाला की भरपूर, खालून वाहीपर्यंत. बशी मात्र नको, खोल कुंडीत तळ सगळ्यात ओला असतो आणि रोपाचा जीव नेमका तिथेच असतो.

१४. जमिनीत कधी लावू आणि कसं?

पंख्याची तीन-चार पानं झाली आणि ऊबदार मोसम पुढे असला की. मूळ न दुखावता जितक्या लवकर कायमच्या जागी जाईल तितकं चांगलं. कुंडी कापा, रोप ओढू नका. पातळी कुंडीत होती तीच, खोल गाडू नका, पामची मुळं खोल पुरली की गुदमरतात आणि महिनोन्महिने झाड नुसतं बसून राहतं. मुळांचा गोळा मोकळा करायचा, मुळं छाटायची, वगैरे इतर झाडांचे संस्कार इथे विसरा.

लावल्यावर एखादं वर्ष काहीच हालचाल दिसणार नाही. खाली काम चाललेलं असतं. एकदा लागला की गरम मोसमात जो सुटतो ते बघून तुम्हीच प्रश्न २ परत वाचाल.

१५. जागा चुकली. उपटून दुसरीकडे लावू का?

खोड अजून दिसत नसेल तर शक्यतो नाही. या वयात मुळं तुटली की हा पाम सहसा सावरत नाही, आणि दगावायला सहा महिने घेतो त्यामुळे तोवर आपल्याला वाटतं की जमलं. खोड नीट दिसू लागलेलं झाड हलवतात, पण आधी काही महिने एकेक बाजूने मुळं छाटून, मोठा गोळा काढून, माणसं आणि क्रेन लावून. घरगुती कुदळीचं काम नाही. शिवाय हलवलेलं, दमलेलं झाड सोंड्या भुंग्याला (पाम आतून पोखरणारा किडा) लगेच सापडतं.

१६. खालची पानं पिवळी-नारिंगी होतायत, कापून टाकू का?

एखाददुसरं अगदी खालचं पान वाळणं म्हणजे वय. पण खालच्या बऱ्याच पानांवर नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली असतील तर पोटॅशियम कमी पडतंय. फक्त कडा रुंद पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम. कापू नका! झाड जुन्या पानातून पोटॅशियम काढून नव्याला देत असतं, ती पानं कापली की ते पुढच्या पानांतून काढायला लागतं. पूर्ण तपकिरी झाल्यावरच काढा.

खत म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाने पामसाठी सांगितलेलं प्रमाण ८-२-१२ (नत्र-फॉस्फरस-पोटॅशियम) आणि त्यात ४ टक्के मॅग्नेशियम, तेही सावकाश विरघळणारं. हाताशी असलेलं १९-१९-१९ ओतू नका, जास्तीच्या नत्राने झाड भराभर वाढतं आणि पोटॅशियमची चणचण आणखी वाढते.

१७. खालची ठीक आहेत, नवं पानच चुरगळलेलं येतंय.

मग वेगळी गोष्ट. नवं पान लहान, अकॉर्डियनसारखं घडी पडलेलं, टोक आकडीसारखं वळलेलं किंवा न उघडता अडकलेलं, हे बोरॉन कमी पडल्याचं लक्षण आणि बिस्मार्कला ही खोड आहे. मुसळधार पावसाने बोरॉन वाहून जातो, आणि उलट माती फार कोरडी पडली तरी मुळांना तो घेता येत नाही. म्हणून आधी पाणी नियमित करा. बोरॉन घालायचा तर पाकिटावरच्या प्रमाणापेक्षा कणभरही जास्त नको, कमतरता आणि विषबाधा यात अंतर फार थोडं आहे. बिघडलेलं पान सुधारत नाही, पुढची दोन-तीन पानं बघून ठरवा.

१८. मधला शेंडा हलकेच ओढला तर हातातच आला. संपलं का?

कदाचित नाही. शेंडा कुजलाय. पोकळीतलं पाणी आणि घाण काढा, आत तांबेयुक्त बुरशीनाशक ओता, वरून पाणी पडणार नाही अशी सोय करा आणि दोन-तीन महिने थांबा. खालचा वाढीचा बिंदू जिवंत असेल तर नवा, जरा वाकडातिकडा शेंडा येतो. घाण वास येत राहिला आणि बाकी पानंही सैल झाली तर मात्र संपलं.

१९. पानावर पांढरी पावडर आहे, पुसू का? निंबोळी तेल मारलं तर?

ती कीड नाही, मेण आहे. तोच निळा रंग! पुसलात की खालून हिरवं दिसतं आणि त्या पानावर मेण परत येत नाही. तेलाचा कुठलाही फवारा तेच करतो, पानभर हिरवे डाग. मिलीबग असेल तर तेवढ्याच जागी कापसाच्या बोळ्याने. देठावरचे दालचिनीच्या रंगाचे खवलेही नैसर्गिक आहेत, नखाने काढत बसू नका.

२०. थंडी किती झेपते?

निळा प्रकार हिरव्यापेक्षा जास्त सोसतो, शून्याच्या जरा खाली एखादी रात्र गेली तर पानं करपतात पण मोठं झाड सावरतं. हिरव्याला शून्याच्या आसपासच त्रास होतो. रोपांना दोन्ही रंगात आत घ्या, आणि गारठ्यात पाणी कमी, थंड ओल्या मातीत प्रश्न १८ उद्भवतो.

२१. नर-मादी वेगळे असतात म्हणे. माझं कुठलं? फळ खातात का?

वेगळे असतात, आणि फुलं येईपर्यंत कळत नाही, त्याला खूप वर्षं लागतात. उगवणारं बी हवं तर आसपास दोन्ही पाहिजेत. एकट्या मादीखाली कधीतरी फळं पडलेली सापडली तरी ती फोडून बघा (प्रश्न ४), आत अंकुर नसेल तर पेरून वर्ष घालवू नका.

फळ खाण्यासारखं नाही. मादागास्करमध्ये पानं छपराला वापरतात, खोडाच्या फळ्या करतात आणि गाभ्यातून थोडा कडसर साबुदाणा काढतात. त्यासाठी अख्खं झाड पाडावं लागतं, त्यामुळे घरच्या बागेत कुणी ते करून बघेल असं वाटत नाही.